बाटली लावली, पण किती थेंबांनी?

मागच्या अंकात उन्हाळ्यात जनावरांच्या अंगातलं पाणी कसं आटतं, त्याबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांतली निम्मी सलाईनबद्दलच निघाली. काहींना सलाईन म्हणजे प्रत्येक दुखण्यावरचा हमखास उपाय वाटतो, तर काहींना त्याची धास्ती बसली आहे. चार पत्रं घेतो. पत्रलेखकांची नावं छापत नाही, वजनं आणि वेळा मात्र त्यांनी कळवल्या तशाच ठेवल्या आहेत, कारण सगळा प्रश्न त्यातच आहे.

प्रश्न : आमच्याकडे नऊ वर्षांची पॉमेरेनियन आहे, वजन साडेचार किलो. एप्रिलमध्ये तिला दोन दिवस उलट्या झाल्या. ओळखीच्या एकांनी घरी येऊन सलाईन लावलं. पाचशेची बाटली सव्वा तासात संपली. संध्याकाळी ती एका जागी बसेना, झोपेना, मान पुढे काढून धापा टाकू लागली, नाकातून पाणी गळू लागलं. रात्री दवाखान्यात ऑक्सिजन आणि लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, तेव्हा ती वाचली. तिथे ‘सलाईन जास्त झालं’ असं सांगितलं. सलाईन म्हणजे मीठपाणीच ना? ते जास्त कसं होईल? (जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, ती वाचली हे वाचून फार बरं वाटलं. रात्रीच तिला हलवलंत म्हणून ती वाचली. सकाळपर्यंत थांबला असता, तर कदाचित हे पत्र वेगळं आलं असतं.

आता हिशोब बघा. कुत्र्याच्या अंगात किलोमागे साधारण ८० ते ९० मिलिलीटर रक्त असतं. साडेचार किलोच्या कुत्रीच्या अंगात एकूण रक्त झालं चारशेच्या आसपास. तिच्या शिरेत सव्वा तासात पाचशे मिलिलीटर पाणी गेलं, म्हणजे स्वतःच्या सगळ्या रक्तापेक्षाही जास्त. शिरेतून दिलेलं मीठपाणी शिरेतच राहत नाही. त्यातला मोठा भाग तासाभरात बाहेर पडून मांसात, कातडीखाली उतरतो. मूत्रपिंडाला ते काढून टाकायला सवड मिळाली नाही, तर ते फुप्फुसातही उतरतं. हृदय आधीच थकलेलं असेल तर ही वेळ लवकर येते, आणि लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप गळकी असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. कुत्रं खातं, खेळतं, फक्त जिना चढताना थोडं दमतं, तर आपण म्हणतो वय झालं. म्हणून सलाईन लावण्याआधी छातीला स्टेथोस्कोप लावायचा असतो. तुमच्याकडे तो कोणी लावला होता का, हे पत्रात नाही. तो लावला गेला नसावा असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो. ती बाटली चुकीची नव्हती. या वजनाच्या कुत्रीला नुसतं तग धरायला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलीटर पाणी लागतं, म्हणजे अडीचशेच्या आसपास. दोन दिवसांच्या उलट्यांनी वजनाच्या पाच टक्के पाणी गेलं असं धरलं, तर ते सव्वादोनशे. दोन्ही मिळून पाचशेला थोडं कमी. तीच बाटली चोवीस तासांवर वाटली असती, तर तासाला साधारण वीस मिलिलीटर झाले असते. लहान थेंबांच्या सेटमध्ये (सेट म्हणजे बाटलीपासून सुईपर्यंतची नळी) ६० थेंबांचा एक मिलिलीटर होतो, म्हणजे मिनिटाला वीस थेंब. मोठ्या थेंबांच्या नेहमीच्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिलिलीटर, तिथे मिनिटाला जेमतेम सात. झडप गळकी असेल तर याहूनही कमी. सव्वा तासात बाटली संपली, म्हणजे तो सेट मिनिटाला सव्वाशेहून जास्त थेंबांनी पळत होता.

घरी चोवीस तास कोण बसणार, हा प्रश्न खरा आहे. अशा वेळी त्रास हलका असेल तर डॉक्टर काही पाणी कातडीखाली देतात. पाठीवर उंचवटा येतो आणि तो काही तासांत जिरतो. मात्र त्यासाठी साधं सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट हे क्षारांचं तयार पाणीच वापरतात, साखरेचं पाणी कातडीखाली देत नाहीत. जनावर थंड पडलेलं असेल तर कातडीखालचं पाणी जिरत नाही, तिथे शीरच हवी.

पुढच्या वेळी शेजारी बसून तुम्ही एवढं करा. बाटली सुरू होण्याआधी श्वास मोजून कागदावर लिहा. शांत झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला तिसाच्या आत असतो. दर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तो वाढत चालला, नाकातून पाणी आलं, डोळ्याचा पांढरा भाग सुजून जेलीसारखा दिसला, अंगाला थरथर सुटली, खोकला आला किंवा कुत्रं नुसतं उठबस करू लागलं, तर सेटचं चाक बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा. सुई उपसू नका. फुप्फुसातलं पाणी उतरवायचं औषध त्याच वाटेने द्यायचं असतं. आणि वजन! बाथरूममधल्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभं राहिलात आणि आपलं वजन वजा केलंत तरी चालतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे काटा सांगतो की पाणी अंगात किती साठलं.

मांजर असेल तर आणखी सावधगिरी हवी. त्याच्या अंगात किलोमागे रक्तच साठच्या आसपास असतं, आणि हृदयाचा आजार मांजर इतका लपवतं की कानाला काही ऐकू येईलच असं नाही.

प्रश्न : माझी पंढरपुरी म्हैस व्याल्यावर दुसऱ्या दिवशी बसली, मान कुशीला टाकली, कान गार पडले. सरकारी डॉक्टरांनी कॅल्शियमची एक बाटली लावायला पाऊण तास घेतला. मध्येच थांबायचे, छाती ऐकायचे. आमच्या शेजाऱ्याकडे येणारे एक जण तीच बाटली पाच मिनिटांत उतरवतात आणि जनावर उठतं. मग एवढा वेळ कशाला? दुसरं, मागच्या वेतात अशीच बाटली लावल्यावर तिची मान सुजून दगडासारखी झाली होती. तो दोष औषधाचा की लावणाऱ्याचा? (मंगळवेढा तालुका)

उत्तर : दादा, त्या डॉक्टरांचा पाऊण तास तुमच्या म्हशीसाठी होता. पाच मिनिटांत काय होतं, ते माझ्याच अनुभवातून सांगतो.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. सांगोल्याच्या बाजूची एक वस्ती, रात्रीचे अकरा, तिसऱ्या वेताची म्हैस. तुम्ही लिहिलीत तीच लक्षणं. मला पुढे आणखी एका गावाला जायचं होतं. बाटली लवकर उतरावी म्हणून मी हात ताणून उंच धरली. स्टेथोस्कोप गळ्यात होता, छातीला लावला नव्हता. अर्ध्याहून थोडी जास्त बाटली गेली असेल, म्हैस एकदम ताठ झाली, एकदा मोठ्याने रेकली आणि मान टाकली. मालक म्हणाले, ‘डॉक्टर, तिचं तेवढंच होतं.’ मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि चूक माझी होती असं त्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, रेडकाला दूध कुठून आणायचं तेवढं सांगा. त्या घरी पुढे वीस वर्षं मी जात होतो. त्या रात्रीपासून घड्याळ बघितल्याशिवाय मी कॅल्शियम लावलं नाही.

कॅल्शियम हे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला लागणारं द्रव्य आहे. रक्तात ते कमी पडलं की अंगाचे स्नायू ढिले पडतात, म्हैस बसते आणि हृदयाचा आवाज दुरून आल्यासारखा लागतो. यालाच दुग्धज्वर म्हणतात. तेच एकदम जास्त झालं की ठोके आधी चुकतात, मग मंदावतात, मग थांबतात. म्हणून ४५० मिलिलीटरची बाटली कोमट करून कमीत कमी पंधरा ते वीस मिनिटांत द्यायची आणि देताना हृदय ऐकत राहायचं. ठोका चुकला की थांबायचं, सुरळीत झाला की पुन्हा हळूहळू सुरू करायचं. तुमच्या डॉक्टरांनी मध्येच थांबवलं, याचा अर्थ त्यांच्या कानाला काहीतरी लागलं असणार. बाटली लागू पडत असेल तर तुम्हालाही दिसतं. जनावर ढेकर देतं, शेण टाकतं, नाकपुडीवर घामाचे थेंब येतात, मांड्या थरथरतात.

शेजाऱ्याचं जनावर पाच मिनिटांत उठतं हे खरं असेल. दहातली नऊ उठतीलही. न उठणारं दहावं कोणतं, हे आधी ओळखता येत नाही. काही ठिकाणी मात्र धोका नक्कीच जास्त असतो. कास सुजलेली आहे किंवा वार अडकून घाण वास येतो आहे, अशा जनावराच्या रक्तात विष भिनलेलं असतं. तेही बसतं, कानही गार असतात, दिसतं अगदी दुग्धज्वरासारखं, पण त्याचं हृदय कॅल्शियमचा झटका सोसत नाही. दुसरी गोष्ट पशुपालक सांगायला विसरतात. डॉक्टर येण्याआधी कोणीतरी कातडीखाली एक बाटली देऊन गेलेलं असतं. थंड पडलेल्या अंगात ती तिथेच साठून राहते. मग शिरेतली बाटली लागू होऊन रक्त पळायला लागतं, तशी कातडीखालचीही एकदम ओढली जाते आणि दुप्पट मात्रा हृदयावर येते. तेव्हा डॉक्टर दारात आले की पहिल्यांदा हे सांगा. कोणी, कधी, किती दिलं. त्यात लाज नाही.

मान सुजण्याचं कारण वेगळं आहे. सुई शिरेतून निसटली की कॅल्शियम बाजूच्या मांसात उतरतं आणि मांस जाळतं. कधी कातडीही गळून पडते. जनावर झटका देतं, दावं नीट धरलेलं नसतं, अंधार असतो, त्यामुळे चांगल्या हातूनही असं होतं. म्हणून आधी थोडं साधं सलाईन सोडून सुई शिरेतच आहे याची खात्री करायची आणि मगच कॅल्शियम जोडायचं. फुगवटा दिसताच थांबायचं. तिथे साधं सलाईन टोचून बाहेर पडलेलं औषध पातळ करतात आणि पुढचे दिवस कोमट फडक्याने शेक देतात. तुमच्या म्हशीची ती बाजू आता हाताने चाचपून बघा. शीर दोरीसारखी कडक लागत असेल तर ती आतून गोठून बंद झालेली आहे. त्या बाजूला पुन्हा सुई लावू देऊ नका. दोन्ही बाजूंच्या शिरा गेल्या तर डोक्याकडचं रक्त खाली उतरायला अडचण होते आणि तोंड सुजतं. कडक जागा गरम लागत असेल किंवा ताप असेल तर आत पू धरला असू शकतो, तो रक्तावाटे फुप्फुसात आणि हृदयाच्या झडपांवर जाऊन बसतो, म्हणून लगेच दाखवा.

एक मला विचारायचं आहे. तुमच्याकडे उसाचं वाढं किती घालता? वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. मोसमात कारखान्याच्या रस्त्यावर वाढं स्वस्त मिळतं म्हणून तेच दिवसरात्र घालणारी घरं मला माहीत आहेत. कडबा आणि हिरवी वैरण असू द्या, वाढं त्याच्या जोडीला थोडं घाला, आणि खनिज मिश्रण चालू ठेवा.

प्रश्न : सर, मी बारावीत आहे. आमच्या जर्सी गाईचं वासरू वीस दिवसांचं होतं, वजन पस्तीस किलोच्या आसपास. पांढरी हगवण लागली. रोज एक सलाईन, असं तीन दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी ते गेलं. वडील म्हणतात, सलाईननेच गेलं. खरं आहे का? (मोहोळ तालुका)

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू त्याचं वजन, वय, दिवस सगळं लिहिलंस, त्यावरून तू त्याच्यापाशी किती बसली होतीस ते कळतं.

तू लिहिलंस त्यावरून ते सलाईन जास्त झाल्याने गेलं असं वाटत नाही. ते कमी पडलं. डोळे खोल गेलेत, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते, अशा वासराचं आठ टक्के पाणी गेलेलं असतं. पस्तीस किलोचे आठ टक्के म्हणजे २.८ लिटर. रोजच्या हगवणीत जातं ते वेगळं. त्याला अर्ध्या लिटरची एक बाटली कुठे पुरणार? बाटली टांगलेली दिसली की घरच्यांना उपचार सुरू झाल्याचं समाधान मिळतं, आणि त्याच समाधानात पुढचे चोवीस तास तोंडाने काही दिलं जात नाही. मी हे इतक्या गोठ्यांत पाहिलं आहे की लिहितानाही वाईट वाटतं. हाच हिशोब मोठ्या जनावराला लाव. चारशे किलोच्या गाईचं आठ टक्के म्हणजे बत्तीस लिटर, चौसष्ट बाटल्या. म्हणून मोठ्या जनावराला बहुतेक वेळा पोटात नळी घालून बादल्यांनी क्षारपाणी देणं जास्त कामाचं ठरतं.

शिवाय हगवणीत वासराच्या रक्तात आम्ल साठतं, त्यामुळे ते गळून जातं, चोखत नाही. अशा वेळी नुसतं मीठपाणी आम्लाला उतारा देत नाही. डॉक्टर सोडियम बायकार्बोनेट मोजून देतात. ते रिंगर लॅक्टेटच्या बाटलीत मिसळायचं नसतं, त्यातल्या कॅल्शियमशी त्याचा साका होतो.

गोठ्यात दुसरं वासरू असेल तर हे लक्षात ठेव. हगवण सुरू झाल्याच्या पहिल्या तासापासून ओआरएस दे. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी लिटर-दीड लिटर. दूध बंद करू नकोस, फक्त दूध आणि ओआरएस यांच्यात दोन तासांचं अंतर ठेव. वासरू बोट चोखत असेल तोवर निपलच्या बाटलीने पाज. चोखत नसेल तर जबरदस्तीने ओतू नकोस, पाणी श्वासनलिकेत जातं आणि वासरू न्यूमोनियाने जातं. तोंड आतून गार लागलं, उठता येईना, चोखणं बंद झालं, की ती शिरेतून देण्याची वेळ. तेव्हा १९६२ हा टोल फ्री क्रमांक फिरव आणि फिरत्या पथकाची वाट बघताना त्याला पोत्यात गुंडाळून ऊब दे. वडिलांना सांग, दोष तुमचा नव्हता. आणि सलाईनवरचा राग पुढच्या वासरापर्यंत ठेवू नका.

प्रश्न : अडीच महिन्यांच्या पिल्लाला पार्व्हो झाला आहे, वजन तीन किलो. डॉक्टर तीन-चार दिवस दवाखान्यात ठेवून सलाईन लावायचं म्हणतात. सलाईनने फुप्फुसात पाणी होतं असं ऐकलं म्हणून आम्ही थांबलो आहोत. पहिल्या दिवशी लावलेल्या कॅन्युलाने (शिरेत ठेवायच्या बारीक नळीने) त्याचा पायही सुजला आहे. (होटगी रस्ता)

उत्तर : थांबू नका. हे पत्र हाती पडताच मी फोनवरही तेच सांगितलं. पार्व्होत पिल्लू विषाणूपेक्षा उलटी-जुलाबात गेलेल्या पाण्याने, क्षारांनी आणि आतड्यातून रक्तात शिरणाऱ्या जंतूंनी मरतं. सलाईन हाच त्याचा मुख्य उपचार आहे. वरच्या कुत्रीला पाणी नडलं ते तासाभरात गेलं म्हणून. दवाखान्यात थेंब मोजून दिलं आणि रोज वजन केलं, तर पिल्लाचा धोका सलाईन न देण्यातच जास्त आहे.

पाय सुजला असेल तर आधी चिकटपट्टी फार आवळली आहे का बघायला सांगा. पंजा गार आणि फुगलेला असेल तर ते बहुधा पट्टीमुळे. सुईच्या वरची शीर लाल, गरम, दुखरी असेल तर कॅन्युला काढून दुसऱ्या पायाला घालायची. ती दिवसातून दोनदा तपासायची आणि एका जागी तीन दिवसांपलीकडे सहसा ठेवत नाहीत. पिल्लू ती चावतं म्हणून गळ्यात कॉलर हवीच. चावून नळीचा तुकडा आत राहिल्याचा संशय आला, तर त्याच क्षणी पायाला वरच्या बाजूला फडकं घट्ट बांधा आणि दवाखाना गाठा, तुकडा रक्ताबरोबर पुढे सरकू शकतो.

अशा पिल्लाला पोटॅशियमही द्यावं लागतं, आणि तिथे ‘लवकर बरं वाटावं म्हणून थोडं जोरात सोडा’ असं डॉक्टरांना कधीही म्हणू नका. बाजारातल्या दहा मिलिलीटरच्या नेहमीच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. किलोमागे तासाला अर्ध्या मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त द्यायचं नाही, म्हणजे तीन किलोच्या पिल्लाला तासाला त्या अँप्यूलमधला पाऊण मिलिलीटर, तोही बाटलीत पातळ करून. औषध टाकल्यावर बाटली चार-सहा वेळा उलटीपालटी करावीच लागते. नाहीतर ते तळाशी, म्हणजे सेटच्या तोंडाशीच बसून राहतं आणि पहिल्या काही मिनिटांतच सगळं हृदयाकडे जातं.

थोडक्यात : सेटमध्ये दोन-चार बारीक बुडबुडे दिसले तर घाबरू नका, ते फुप्फुसात अडकून विरतात. मोठ्या जनावराच्या मानेतल्या जाड सुईला रिकामी बाटली तशीच लटकत ठेवणं मात्र धोक्याचं आहे, कारण मान वर असली की हवा आत ओढली जाते. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तापलेली बाटली तशीच लावू देऊ नका. डिसेंबरात पहाटेची गार बाटलीही नको, लहान पिल्लू त्याने थंड पडतं. दोन्ही वेळी बाटली मनगटाला लावून बघा, कोमट लागली पाहिजे.

उरलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवून उद्या लावू का, असं तिघांनी विचारलं आहे. नाही. एकदा सुई टोचली, हवेसाठी भोक पाडलं, की त्यात जंतू शिरलेच असं धरायचं. दुसऱ्या दिवशी ती लावली की तासाभरात हुडहुडी भरते, ताप चढतो, आणि घरचे म्हणतात सलाईन सोसलं नाही. उरलेलं पाणी ओतून द्या. सुई आणि सेट दवाखान्यात परत द्या, उकिरड्यावर नको. एका गाईच्या पोटाचं ऑपरेशन करताना मी आतून सेटची अख्खी नळी काढली आहे.